पावसाळी बाळंतपण आणि कापडी लंगोट: किती शोषतं त्याआधी किती वेळात वाळतं ते बघ

तुझा प्रश्न वाचला. सातवा महिना, जुलैअखेरची तारीख, बाळंतपण माहेरी चिपळूणला. आई म्हणते जुन्या साड्यांचे लंगोट करू, नणंदेने सहा पॉकेट डायपर (आत खिसा असलेले, धुऊन पुन्हा वापरायचे) पाठवलेत, शेजारच्या काकू म्हणतात कापडाने पाय फेंगडे होतात. आणि तुला घोर लागलाय की कोकणातल्या पावसात हे सगळं वाळणार कसं.

माझी दोन्ही मुलं कापडावर वाढली. थोरली ऑगस्टमध्ये रत्नागिरीला, माझ्या माहेरी झाली. धाकटा मार्चमध्ये, इथे पुण्यात. एकाच कपाटातले तेच कपडे मार्चमध्ये तीन तासांत वाळायचे आणि ऑगस्टमध्ये तिसऱ्या दिवशीही ओलसर लागायचे. म्हणून सांगते, तुझ्या प्रश्नांपैकी वाळवण्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो सुटला की लंगोट की डायपर हे आपोआप ठरतं.

विकणारे सांगतात अमुक थर आहेत, इतके तास टिकतो. पण जितके थर एकत्र शिवलेले, तितकं वाळणं लांबतं. पॉकेट डायपरचं बाहेरचं कापड म्हणजे पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. ते पाणी धरत नाही, पावसातही पंख्याखाली लवकर वाळतं. अडतं ते इन्सर्टपाशी, म्हणजे आतल्या खिशात घालायच्या शोषणाऱ्या पट्टीपाशी. थोरलीच्या वेळी माझ्याकडे चार थरी बांबूचे इन्सर्ट होते. दोन दिवस वलणीवर ठेवून वरून कोरडे लागायचे, पण कडेची शिवण दोन बोटांत दाबली की गार लागायची आणि नाकाशी धरलं की कुबट वास. त्याच वलणीवर आजीने फाडलेले साडीचे तुकडे रात्री घातले की सकाळी घडी करायला तयार.

म्हणून धुताना आणि वाळताना एक थर असावा, बाळाला लावताना बारा. हे साध्या चौकोनाने जमतं. २७ इंचाचा सुती चौकोन घे. आडवी-उभी घडी घालून चौथाई कर, साडेतेरा इंचाचा चार थरी चौकोन होईल. त्याची पुन्हा तीनपदरी घडी घाल. साडेचार इंच रुंद, साडेतेरा इंच लांब अशी बारा थरांची पट्टी हातात येते, जवळजवळ विकतच्या इन्सर्टच्याच मापाची. ही पट्टी नणंदेने दिलेल्या डायपरच्या खिशात सरकवायची. पातळ मलमल असेल तर दोन चौकोन एकावर एक ठेवून घडी घाल. मुलगा असेल तर पुढच्या बाजूला एक जादा दुमड दे, कारण मुलांची शू पुढे जाते.

पण हे डायपर पहिल्या महिन्यात वापरायला काढू नकोस. सगळ्या वजनांना चालतात असं त्यांच्यावर लिहिलेलं असलं तरी बाळ साधारण साडेचार-पाच किलोंचं होईपर्यंत मांडीशी फट राहते आणि तिथूनच गळतं. तोवर लंगोटच.

आता साडीचं. जुनी सुती साडी घे, खूप धुतलेली. आधी खिडकीत उजेडाला धरून बघ. निऱ्यांच्या आणि बसण्याच्या जागी कापड विरलेलं असतं, तिथे जाळी दिसते. तो भाग सोडून दे. सूत खरं आहे का हे तपासायला एक धागा काढून जाळ. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून टोकाला गाठ धरतं. मिश्र सूत शोषत नाही, ते दुपट्याला वापर. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि चव्वेचाळीस इंच पन्ह्याची असते. दोन्ही काठ काढून टाक, जर तर बाळाच्या अंगाला अजिबात लागता कामा नये. चाळीस इंच उरतात, म्हणजे वीस इंचाचे दोन चौकोन. पदराचा एक वार सोडून लांबीत नऊ ओळी निघतात. एका साडीत अठरा लंगोट, दोन साड्यांत छत्तीस. कडा दुमडून जाड टीप मारू नकोस, तीच जागा ओली राहते. साडीला करतात तसा पिको करून घे.

छत्तीस कशाला, तर नव्या बाळाला दिवसाला दहा-बारा सहज लागतात. पावसात एक दिवस वापरातले, दोन दिवस वाळणारे, असा हिशेब धर. उन्हाळ्यात याच्या निम्म्यात भागतं.

घरात बाबांचे किंवा नवऱ्याचे जुने सुती बनियन, टीशर्ट असतील तर तेही काप. होजियरी उसवत नाही, त्यामुळे पिकोही नको आणि शिवणही नको. शोषायला मलमलपेक्षा चांगली. मलमल नवं आणणार असाल तर आधी धुवून मग काप, कारण ते आटतं. नव्या कापडाला खळ असते, पाच-सहा धुण्यांनंतरच ते नीट पाणी ओढायला लागतं. ‘कापडी घातलं आणि लगेच गळलं’ अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणींनी नवं कोरं कापड एकदाच धुऊन वापरलेलं असतं.

बांधायची पद्धत आई दाखवेलच. चौकोनाचा त्रिकोण, लांब बाजू कमरेखाली, टोक दोन पायांमधून वर, बाजूची टोकं त्यावर आणून सैल गाठ. नाळ पडेपर्यंत वरची कड बेंबीच्या खाली दुमडून ठेव, नाळेला हवा लागू दे. सेफ्टी पिन नको.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. थोरली चार दिवसांची असताना सगळे म्हणत होते, बाळ किती शांत आहे, किती झोपतं. आजी मात्र बादलीतले लंगोट मोजत होती. त्या दिवशी ओले तीनच होते, आणि त्यातल्या एकावर विटकरी रंगाचा डाग. पहिल्या दोन-तीन दिवसांत असा डाग दिसू शकतो, ते लघवीतले क्षार असतात. पण दूध उतरल्यावर तो थांबायला हवा आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. आजीने हट्टाने आम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं. बाळ नीट पकडत नव्हतं, दूध पुरेसं पोटात जात नव्हतं. तिथल्या सिस्टरने बसून पकड बदलायला शिकवलं आणि दोन दिवसांत मोजणी आठवर गेली. वापरून फेकायच्या जेलच्या डायपरमध्ये चार वेळची शू एकाच फुगवट्यात जिरते, ती अशी मोजता येत नाही. निदान पहिले पंधरा दिवस तरी दिवसा लंगोट वापर आणि मोज, एवढी माझी विनंती आहे.

धुण्याबद्दल. पहिली काळी चिकट शी निघता निघत नाही. बाळाच्या ढुंगणाला आधी खोबरेल तेल लावून ठेवलं तर कापडाला कमी चिकटते. पुढे अंगावरच्या दुधाची पिवळी शी पाण्यात विरघळते. शीचा लंगोट लगेच गार पाण्याखाली धर. गरम पाणी आधी घातलंस तर डाग बसतो. मग पिळून जाळीच्या टोपलीत टाक, बुडवून ठेवू नकोस. बादलीत दिवसभर भिजत ठेवलेल्या लंगोटांना जो वास येतो तो पुढे कापडातून जात नाही. रोजच्या रोज धू, पावसात एकही दिवस साठवू नकोस. साबणाची पावडर नेहमीची चालते, पुरेशी घाल आणि फेस जाईपर्यंत खळबळ. कपडे मऊ करणारं द्रव नको, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड शोषायचं थांबतं. जंतुनाशकाचं झाकणभर पाणीही नको, ते कापडात राहिलं तर नाजूक कातडीला झोंबतं.

तुला एक फायदा आहे जो मला पुण्यात नव्हता. इथे टँकरचं बोअरचं पाणी जड, लंगोट पापडासारखे कडक व्हायचे आणि बाळाने शू केल्या केल्या नाकात जाणारा उग्र वास यायचा. तो वास आला की समजायचं, कापडात साबण आणि क्षार साठलेत. गरम पाण्यात दोन-तीनदा नुसतं खळबळून काढायचे. तुमच्याकडे पागोळ्यांखाली पिंप लावा. पहिल्या दोन-चार सरींत छप्पर धुऊन निघू दे, मग भरा. पावसाच्या पाण्याला फेस भरपूर येतो, पावडर कमी लागते, कापड मऊ राहतं.

आणि वाळवणं. पडवीत नको, तिथे हवा दमट आणि वरून तुषार. आतल्या खोलीत पंख्याखाली दोन वलण्या बांध, लंगोट एकावर एक न येऊ देता पसरून घाल. मशीन असेल तर पिळणी दोनदा फिरव, निम्मं काम तिथेच होतं. शेवटी इस्त्री. सुती लंगोटावर गरम इस्त्री फिरवली की उरलासुरला ओलावा जातो. डायपरच्या बाहेरच्या कापडाला मात्र इस्त्री किंवा उकळतं पाणी कधीच नको, पापुद्रा सुटतो.

आमच्याकडे आजी शेगडीवर बांबूची मोठी टोपली उलटी घालायची आणि त्यावर लंगोट पसरायची. धुराचा आणि ओव्याचा वास लागलेले ते उबदार लंगोट मला अजून आठवतात. तरी हे बाळंतिणीच्या बंद खोलीत करू देऊ नकोस. कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत तो आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततो. आई शेकाचा आग्रह धरेल तेव्हाही हे शांतपणे सांग. शेगडी उघड्या पडवीतच, तीही माणूस समोर असताना.

काकू फेंगड्या पायांचं म्हणतात त्याबद्दल: सगळ्याच तान्ह्या बाळांचे पाय वाकडे दिसतात, दीड-दोन वर्षांपर्यंत ते आपोआप सरळ होत जातात. लंगोटाच्या जाडीने मांड्या थोड्या फाकलेल्या राहतात ते खुब्याच्या सांध्याला चांगलंच असतं. वाईट आहे ते बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधणं. तेवढं टाळ.

पुरळ ओलं कापड जास्त वेळ राहिलं की येतो, मग ते कापडाचं असो वा विकतचं. ओलं झालं की बदलायचं, दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवायचं. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. लालभडक चट्टा आणि कडेने बारीक पुटकुळ्या असतील तर ते बुरशीचं लक्षण असतं, तेव्हा घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखव. डॉक्टरांनी झिंकचं मलम दिलं तर मध्ये साडीचा एक तुकडा घाल, नाहीतर मलम कापडात मुरून बसतं.

तू पर्यावरणाचंही विचारलंस. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २००८ च्या अहवालात अडीच वर्षांचा हिशेब आहे: वापरून फेकायच्या डायपरमागे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, कापडीमागे सरासरी ५७०. म्हणजे त्या हिशेबाने नुसतं कापड घेतल्याने काही वाचत नाही. पण मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरलं तर सुमारे २०० किलो कमी होतात. ड्रायर न वापरता आपण बहुतेक जण हे तसंही करतो. मला जास्त टोचतं ते हे, की कचरा वेचणाऱ्या बायकांचा हात त्या डायपरला लागतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१७ मध्ये लाल ठिपक्याची मोहीम काढली ती याचसाठी, की डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे हे न उघडता कळेल. तू रात्री किंवा प्रवासात विकतचा डायपर वापरलास तर त्यात काही चूक नाही. बाळंतिणीला झोपही हवी असते. फक्त शी संडासात टाकून, गुंडाळून, ठिपका काढून दे.

आत्ता मे चालू आहे आणि ऊन आहे. आईला सांग, बाळ यायच्या आधी नवं आणायचं नाही ही रीत जुन्या साडीला लागू नाही. या आठवड्यात दोन साड्या फाडून पिको करून घ्या, सहा वेळा धुवा आणि दर वेळी कडक उन्हात घाला. मृग लागायच्या आत ते पूर्ण कोरडे करून, घडी घालून, झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. डबा फळीवर ठेवा, खाली जमिनीवर नको.