मिशनचा पैसा वर्षाचा, हप्ता पंधरा वर्षांचा

औसा तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगा सैन्यात नाईक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून वर्षभरासाठी दक्षिण सुदानला गेलाय. घरी सून, चार वर्षांची नात आणि चार एकर कोरडवाहू. मिशनच्या भत्त्यामुळे चार महिन्यांत साडेतीन लाख शिल्लक पडले. भाचा विमा एजंट. तो मागे लागलाय की मुलाच्या नावावर वर्षाला १ लाख २० हजारांची पॉलिसी काढा, १५ वर्षं भरा, विसाव्या वर्षी ३४ लाख हातात, आणि ‘तिकडं काही बरंवाईट झालं तर १५ लाख लगेच’. वर मोबाइलवर तिकडच्या हल्ल्याची एक बातमीही त्याने दाखवली. ताई लिहितात, ‘रात्र रात्र डोळा लागत नाही. एवढी सोय केली तर जिवाला थारा मिळेल असं वाटतं. काढू का?’

ताई, नका काढू.

भाच्याने मोबाइलवर दाखवलेली बातमी खरी आहे, पण ती एप्रिल २०१३ ची. दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात आपले पाच जवान हल्ल्यात गेले होते. तिथे धोका नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते पटणार नाही. पण एवढी जुनी बातमी आईला दाखवून लगोलग फॉर्म पुढे करायचा, ही रीत मला आवडली नाही. तिथे आपल्या लोकांचं काम गावांना आणि छावण्यांना संरक्षण देणं, रस्ते दुरुस्त करणं, दवाखाना चालवणं असं आहे. तिथल्या मलाकल शहरात तर आपले पशुवैद्यही आहेत, तिथल्या लोकांची गुरं तपासतात. मुलाला त्याबद्दल विचारा, फोनवर बोलायला दुसरा विषय मिळेल.

आता हिशोब. मिशनचा भत्ता मिशनपुरता. मुलगा परत युनिटला आला की पगार पुन्हा पहिल्यासारखा, हप्ता मात्र आणखी चौदा वर्षं उभा. महिन्याला दहा हजार झाले ते. ज्या साली सप्टेंबरात २०२५ सारखा पाऊस होऊन सोयाबीन पाण्याखाली जाईल, त्या साली हा हप्ता कशातून भरणार? मधेच पॉलिसी सोडली तर भरलेल्यातला बराच पैसा बुडतो.

बरं, शेवटपर्यंत भरली तरी काय? १८ लाख भरून विसाव्या वर्षी ३४ लाख, म्हणजे व्याज जेमतेम पाच टक्के पडतं. मुलाचा सैन्यातला भविष्य निर्वाह निधी आहे, जवान त्याला एएफपीपी फंड म्हणतात. त्यावर सध्या ७.१ टक्के मिळतात. हाच हप्ता तिथे भरला आणि दर टिकला तर त्याच मुदतीत ४५ लाखांच्या आसपास होतात. शिवाय हात आखडला तर वर्गणी कमी करता येते.

राहिला ‘काही झालं तर’चा भाग. मुलाच्या पगारातून दर महिन्याला सैन्याच्या ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता कापला जातोच. किती रकमेचं संरक्षण आहे ते त्यालाच विचारा, भाच्याच्या १५ लाखांहून ते मोठं निघेल. पगाराचं खातं डिफेन्स सॅलरी पॅकेजमधलं असेल तर बँकेचा अपघात विमा वेगळा. सेवेमुळे जीव गेला तर पत्नीला शेवटच्या पगाराच्या ६० टक्के विशेष कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घर उघड्यावर पडेल, या भीतीपोटी नवी पॉलिसी काढायचं कारण नाही. यापेक्षा कागद महत्त्वाचे. लग्नाची आणि नातीच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिट काढतं त्या अधिकृत नोंदीने, सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात झाली आहे ना? नॉमिनीत लग्नाआधीची नावं तर राहिली नाहीत ना? बऱ्याच घरांत तिथे अजून एकट्या आईचंच नाव असतं आणि पुढे सासू-सुनेत विनाकारण वितुष्ट येतं. कुणाला किती टक्के, हे मुलाला आत्ताच ठरवू द्या. काही अडलं तर लातूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

आणखी एक. पॉलिसी मुलाच्या जिवावर, म्हणजे सही त्याची लागते. तो तिकडे मलाकलला किंवा राजधानी जुब्याला. भाचा ‘सहीचं माझ्यावर सोडा’ म्हणाला असेल तर तिथेच थांबवा. खोट्या सहीची पॉलिसी ऐन गरजेच्या वेळी अडकते. मुलाला नातीसाठी जास्तीचं संरक्षण हवंच असेल तर त्याने परत आल्यावर साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्यावा, नोकरी कोणती आणि नेमणूक कुठे ते खरं लिहून. गुंतवणूक त्यात मिसळू नये.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मात्र मी दोनदा वाचली. पोरीच्या लग्नाला सावकाराकडून दीड लाख घेतलेत, दोन रुपये टक्क्याने, म्हणजे महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज, ‘ते बघू सोयाबीनवर’. ताई, महिन्याला तीन हजार, वर्षाला ३६ हजार नुसतं व्याज. दीड लाखाच्या कर्जावर चोवीस टक्के भरायचे आणि पॉलिसीत पाच टक्क्यांसाठी सव्वा लाख गुंतवायचे, हा व्यवहार कुठल्याच बाजूने बसत नाही. याच आठवड्यात ते फेडा. पैसे बँकेतून द्या, रोख नको. त्यांनी कोरा स्टॅम्प किंवा चेक ठेवून घेतला असेल तर तो हातात पडल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर मात्र वकील आणि तालुक्याचे सहकारी संस्थांचे सहायक निबंधक यांच्याकडे आधी जा. सावकाराचा परवाना आहे की नाही हेही तिथे कळेल.

सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरा, घाईने नको. तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं तर व्याज पडत नाही. सावकार मिटवून राहिलेल्या दोन लाखांतून सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत टाका, तुमच्या आणि सुनेच्या जोडनावाने. पुढच्या आठ महिन्यांत जे येईल ते मुलालाच त्याच्या निधीत वळतं करू द्या. तो तुमच्याकडे पाठवतो म्हणून पैसा तुमचा होत नाही, हे थोडं कडवट वाटेल, पण निर्णय त्याचा राहू द्या. बोलायला वेळ निवडा. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा. सून शेजारी असू द्या, आणि पहिल्या पाच मिनिटांत पैशाचं काढू नका.

‘मुलाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, पैसे भरा’ असा फोन किंवा मेसेज आला तर तो ठगांचाच समजा, कितीही फौजी भाषेत बोलला तरी. भाच्याला सांगा, मुलगा आल्यावर त्याच्याशी बोल. त्यावर तो रुसला तर रुसू द्या.