वीरगळ, वीरगाळ नव्हे

प्रश्न: उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावात हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांचं भित्तिशिल्प होणार आहे. त्याला 'आधुनिक वीरगाळ' म्हणावं का? 'वीर गळाला म्हणून वीरगळ' ही व्युत्पत्ती खरी का?

उत्तर: अजिबात खरी नाही. वीरगळ म्हणजे रणात पडलेल्या वीराची स्मृतिशिळा. आणि आधी तो काना काढा! संग्रहालयांच्या फलकांवर, व्याख्यानांत, सगळीकडे हा 'वीरगाळ' भेटतो आणि दर वेळी जीव तळमळतो. गधेगाळातला 'गाळ' माझ्या मते 'शिवीगाळ'मधला; दान मोडील त्याला गाढवाची शिवी, ती कोरलेला दगड. रणात पडलेल्याच्या शिळेला ती शिवी कशाला चिकटवता? 'गळ' आणि 'गाळ' दोन्हींचा अर्थ दगडच, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मग गधेगाळात काना आला कुठून, ते त्यांनी सांगावं.

'गळ' म्हणजे दगड, कन्नड 'कल्लु'. कन्नड समासात क चा ग होतो. मळे म्हणजे पाऊस, त्याला काल जोडला की मळेगाल, पावसाळा, तसंच वीरगल्लु. तुमच्याकडे घरात कन्नड बोलणाऱ्या कुणालाही विचारा. इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात. खरी मौज पुढेच आहे. मराठीत 'ल्ल'चा ळ होत नाही: गल्लचा गाल झाला, फुल्लचं फूल. ळ होतो एकेरी ल चा: फलचं फळ, कालचा काळ. 'वीरगल्लु'वरून शब्द आला असता तर आपण 'वीरगाल' म्हटलं असतं. आपल्याकडे ळ आहे, म्हणजे तो जुन्या कन्नडातल्या एकेरी 'कल्'वरून आला. माझ्या मते राष्ट्रकूट किंवा कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीतच तो मराठवाड्यात रुजला असणार. 'वीरगल्लुचा अपभ्रंश' असं लिहून मोकळे होणारे पंडित त्या ळ कडे बघतच नाहीत.

राहिलं भित्तिशिल्प. वीरगळावर खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. 1946 साली अर्जापूरजवळ मारले गेलेले गोविंदराव पानसरे किंवा 17 सप्टेंबर 1948 आधी गावोगाव पडलेली माणसं, यांना अप्सरा नकोत. सिमेंटच्या भिंतीला 'गळ' म्हणू नका, 'हुतात्मा स्मृतिशिल्प' म्हणा. काळ्या पाषाणाची शिळा उभी करणार असाल तर खुशाल वीरगळ म्हणा. मात्र जुन्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही, तुमच्या शिळेवर प्रत्येकाचं नाव आणि गाव कोरलेलं हवं.