लाटवियनमध्ये ‘एक्सपिरियन्स’ आणि ‘स्किल’

इंग्रजीतून लाटवियनमध्ये आणताना पहिल्याच आठवड्यात ‘एक्सपिरियन्स’वर अडलात? सगळेच अडतात. नोकरीच्या अर्जातला अनुभव म्हणजे ‘पियेरेद्झे’. तो शक्यतो एकवचनीच ठेवा. इंग्रजी ‘एक्सपिरियन्सेस’मधला शेवटचा ‘एस’ बघून घाईने अनेकवचन करू नका. मन हलवून गेलेला अनुभव असेल तर ‘पार्द्झीवुओयुम्स’. ‘पियेद्झीवुओयुम्स’ मात्र साहसाकडे झुकतो. मी एकदा बायोडेटात तोच घातला, तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘हे कारकून होते की दर्यावर्दी?’

‘स्किल’ला तूर्तास ‘प्रस्मे’ पुरे. सरावाने हातात बसलेलं ते ‘इयेमन्यस’. आणि दरवेळी नामच शोधत बसू नका. आपण ‘मला पोहता येतं’ म्हणतो ना, तसं तिथे ‘प्रस्त’ हे क्रियापद आहे: ‘एस प्रुओतु पेल्देत’. झालं काम! ‘स्पेया’ (क्षमता), ‘माका’ (हातोटी) वगैरे नंतर बघू.