सिंहगड भराभर चढणाऱ्याला हिमालयात विज्ञान कशाला हवे?

आपला प्रश्न असा आहे की, दर रविवारी सिंहगड न थांबता चढणाऱ्या माणसाला हिमालयातील शिखरासाठी दमसास आणि जिद्द पुरेशी का नाही, त्यात विज्ञानाचा संबंध कुठे येतो. मी पुण्यात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि दमसासाचा हा अभिमान माझ्या चांगलाच परिचयाचा आहे. परंतु दमसास आणि उंचीशी जुळवून घेण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. उलट, तंदुरुस्त माणूस घाईने वर जातो आणि अनेकदा तोच आधी आजारी पडतो.

सिंहगडाचा माथा सुमारे १,३०० मीटरांवर आहे. लेह ३,५०० मीटरांवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो जेमतेम एक तृतीयांश उरतो. हवेतील ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे २१ टक्केच असतो. घटतो तो दाब, आणि फुफ्फुसांतून रक्तात ऑक्सिजन शिरतो तो त्या दाबाच्याच जोरावर.

ऑक्सिजन कमी पडला की श्वासाचा वेग आपोआप वाढतो, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. ही ओढाताण रात्री तंबूत उघड दिसते: झोपलेला सोबती काही श्वास भराभर घेतो, मग त्याचा श्वास काही सेकंद थांबतो, आणि शेजारचा घाबरून उठून बसतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा रक्तातील अल्कधर्मी घटक लघवीवाटे टाकून हा तिढा सोडवतात, मात्र त्यासाठी काही दिवस जावे लागतात. ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, हा नियम शरीराला असा वेळ मिळावा म्हणूनच आहे. ट्रेकर मंडळींच्या खिशात असणारी डायमॉक्सची गोळी मूत्रपिंडांचे हेच काम लवकर घडवून आणते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेमागेही हेच शास्त्र होते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी आदल्या वर्षी चो ओयू या हिमालयातील शिखराच्या मोहिमेत गिर्यारोहकांची मोजमापे घेऊन ऑक्सिजनचा प्रवाह किती ठेवावा आणि पाणी किती प्यावे, याचा हिशेब मांडला. हिलरी आणि तेनझिंग सर्वांना ठाऊक आहेत, प्यू यांचे नाव मात्र क्वचितच कानावर येते. पुढे १९७८ मध्ये मेसनर आणि हाबेलर हे गिर्यारोहक कृत्रिम ऑक्सिजनाशिवाय माथ्यावर पोचले, आणि १९८१ मध्ये तिथे प्रत्यक्ष मोजलेला दाब उंचीनुसार दाब सांगणाऱ्या प्रमाण तक्त्यातील आकड्यापेक्षा जास्त, म्हणजे पाऱ्याचे २५३ मिलिमीटर निघाला. एव्हरेस्ट विषुववृत्ताच्या तुलनेने जवळ असल्याचा हा फायदा आहे.

तेव्हा सिंहगड जरूर चढत राहा, परंतु वरच्या मुक्कामी बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता सोबत्यासह खाली उतरा.