सासूबाईंची काही तक्रार नाही

माई,

मी वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहते. आम्ही कुपारी, म्हणजे वसईकडच्या सामवेदी ख्रिस्ती समाजातले, कॅथलिक. लेक साडेतीन वर्षांची आहे, येत्या जूनमध्ये ज्युनियर केजीला जाईल. बोरिवलीकडच्या एका नावाजलेल्या कॉन्व्हेंटचा फॉर्म मी भरलाय. इंग्रजी उत्तम, सिस्टर्स शिस्तीच्या, प्रार्थना, धर्मशिक्षण सगळं शाळेतच. गावातून व्हॅन जाते, सकाळी सहाला निघावं लागेल. मिस्टरांचा विरोध आहे. ते म्हणतात, आपल्या चर्चची शाळा दहा मिनिटांवर आहे, तिथे बालवाडी आहे, पहिलीपासून सेमी-इंग्रजी आहे. मी तिथेच मराठीतून शिकलो, माझं काय अडलं? पण माई, मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटते. दोनदा प्रमोशन हुकलं. लेकीचं असं व्हायला नको. १८ तारखेला इंटरव्ह्यू आहे. बाप्तिस्म्याचा दाखला, फादरांची चिठ्ठी, सगळं तयार आहे. प्रश्नोत्तरं रोज रात्री करून घेते. इंटरव्ह्यू होईपर्यंत घरात तिच्याशी फक्त इंग्रजी बोलायचं ठरवलंय. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांना ते जमत नाही, त्यामुळे सध्या त्या तिच्याशी फारसं बोलत नाहीत, पण त्यांची काही तक्रार नाही. आम्ही दोघं रात्री आठला येतो, तोवर तिला त्याच सांभाळतात. कॅथलिक मुलीला चांगल्या कॅथलिक शाळेत घालायचं म्हटलं तर माझं काय चुकलं? मिस्टरांना कसं समजावू?

एक आई

---

बाळ,

शाळेबद्दल तू पानभर लिहिलंस आणि सासूबाईंना एक ओळ दिलीस. मी त्या ओळीपाशी अडकले ते अडकलेच. पुढचं पत्र वाचायला मला चहा करून परत बसावं लागलं.

तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडता, रात्री आठला येता. मधले सगळे तास घरात दोनच माणसं, एक साडेतीन वर्षांची आणि एक बहात्तर वर्षांची. त्यातल्या मोठ्या माणसाला तुम्ही सांगितलंय की तुझी भाषा या मुलीसमोर काढू नकोस. आणि ती बाई ते पाळते आहे. तुला वाटतं घरात आता इंग्रजी बोललं जातं. नाही गं. रात्री आठ ते दहा इंग्रजी बोललं जातं. दिवसभर तुझ्या घरात कुणी काही बोलतच नाही.

ते डोळ्यांपुढे आण. भात कालवून समोर ठेवला जातो, हात धुवून दिले जातात, दुपारी अंगावर पांघरूण घातलं जातं, आणि यातलं काही करताना तोंडातून शब्द निघत नाही. खिडकीत कावळा आला तरी आजी काही म्हणत नाही. पोर काही विचारत असेल तर आजी मान हलवत असेल. काही दिवसांनी पोर विचारायचं थांबेल. कदाचित थांबलीही असेल, कारण ती आजीला काय विचारते याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

मी त्याच पट्ट्यात तीस वर्षं पहिलीच्या वर्गावर होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाळीस पोरं समोर बसायची. तुमची कुपारींची कादोडी बोलणारी, वाडवळी बोलणारी, आगरी, वारली, घरी गुजराती किंवा हिंदी बोलणारी. कोण कुठल्या भाषेत बोलतं याची मला कधी काळजी वाटली नाही. ज्याच्याशी घरी कुणी तरी दिवसभर बडबडलेलं असायचं ते पोर दिवाळीपर्यंत शाळेची भाषा उचलायचं, मग ती कुठलीही असो. त्याला सांगायची सवय असायची, विचारायची सवय असायची, "मग काय झालं?" हे त्याच्या जिभेवर असायचं. काळजी वाटायची ती नुसतं बघत बसणाऱ्या पोरांची. त्यांना अक्षरं यायची, आकडे यायचे, पण गोष्ट सांगता यायची नाही. आज तुझ्या घरात तुझ्याच हाताने तसं पोर घडतंय, आणि कशासाठी, तर इंग्रजी बोलता यावं म्हणून.

आता तुझ्याबद्दल बोलते. मीटिंगमध्ये बसल्यावर काय होतं ते तू एका वाक्यात उरकलंस, पण मला ते दिसतं. सगळं समजत असतं, मुद्दाही माहीत असतो, आणि जीभ टाळूला चिकटते. समोरचे आपल्याला मठ्ठ समजत असतील या भीतीने माणूस आणखी गप्प होतो. नंतर कुणी विचारलं तर म्हणतो, "माझं काही म्हणणं नाही." बाळ, ज्या खुर्चीवर तू ऑफिसात बसतेस, तीच खुर्ची तू सासूबाईंना त्यांच्याच घरात दिलीयस. "त्यांची काही तक्रार नाही" असं तू लिहिलंस. तुझीही ऑफिसात काही तक्रार नव्हती.

मला सासूबाईंचाही थोडा राग आला, हे सांगून टाकते. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बाया लाल लुगडं नेसून पहाटेच्या गाडीने भाजी, फुलं, केळीची पानं घेऊन मुंबईला जायच्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत भाव करायच्या. तुझ्या सासूबाई टोपली घेऊन गेल्या असतील-नसतील, पण त्या मातीतली बाई सुनेच्या एका सूचनेवर गप्प कशी बसली? नातीवरच्या मायेनेच बसली असणार. आपल्या बोलण्याने पोरीचं नुकसान होईल असं तिला खरंच वाटलं असणार. या वयात तिच्या मनात ही भीती कुणी घातली, याचं उत्तर मात्र तुला द्यावं लागेल.

तू कॅथलिक शाळा म्हणतेस म्हणून तुझ्या सासूबाईंच्या लहानपणाची आठवण देते. त्या लहान असताना गावच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. प्रवचन मराठीत, बाकी सगळं लॅटिन. फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे आणि मागे लोक गुडघ्यांवर बसून आपापली माळ ओढायचे. मग जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. १९६३ साली तिने उपासनेत लोकांच्या भाषेला वाट करून दिली, आणि पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत आली. हजार वर्षांहून जास्त काळ लॅटिन जपलेली चर्च वसईतल्या भाजीवाल्या बाईच्या भाषेत बोलायला लागली. त्याच्याही कितीतरी आधी फादर थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट संघाचा धर्मगुरू इंग्लंडहून गोव्यात आला, मराठी शिकला आणि तिच्यात ख्रिस्तपुराण लिहिलं, ओवीत. ते १६१६ साली गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं. इंग्रज माणसाला आपल्या लोकांशी बोलायला आपली भाषा शिकावीशी वाटली. आणि तुझ्या घरात, कॅथलिक शाळेच्याच नावाने, आजीची भाषा बंद झाली आहे. हे तुला खटकत नाही?

धर्मशिक्षण शाळेतच होईल, असं तू लिहितेस. त्याच परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर जाहीरनामा काढला. त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असं स्पष्ट म्हटलंय. शाळा त्यांच्या मदतीला. आणि आईवडील रात्री आठला येत असतील तर ते काम कोण करतं? कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, ही क्रुसाची खूण तुझ्या लेकीला कुणी शिकवली? मी पैजेवर सांगते, आजीने. संध्याकाळी दिवे लागल्यावर रोझरीला, माळेच्या प्रार्थनेला, तिला मांडीवर कोण घेत होतं? आता त्या रोझरीचं काय झालंय? "नमो मरिया" मोठ्याने म्हणतात, की तेही इंटरव्ह्यू होईपर्यंत मनातल्या मनात? पुढे पहिल्या कम्युनियनची तयारी तर तुझ्या चर्चच्या रविवारच्या वर्गातही होईल. बोरिवलीच्या शाळेने तुझी लेक कॅथलिक होणार नाही. ती आजीच्या मांडीवर व्हायला लागली होती, ते तू थांबवलंयस.

कागदोपत्री गोष्टी थोडक्यात. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत, कुठल्याही माध्यमाच्या, पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. म्हणजे ज्या कॉन्व्हेंटसाठी तू घरातली बोली बंद केलीस, तिथेही लेकीला मराठीचा पेपर आहेच. दुसरं, मुलांची अशी परीक्षा घेऊन शाळेत प्रवेश द्यायला शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे, पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्याबाहेर ठेवलं. म्हणून तुला इंटरव्ह्यूची तारीख आली असावी. तारीख आली म्हणजे जायलाच हवं असं नाही.

आणि सकाळी सहाची व्हॅन. वसई खाडीवरच्या वर्सोव्याच्या पुलावर गाड्या कशा अडकतात हे तुला मी सांगायला नको, तू त्याच भागात राहतेस. साडेतीन वर्षांचं पोर पाचला उठवून, अर्धवट झोपेत दूध पाजून, दीड तास कुणा परक्याच्या गाडीत बसवायचं आणि परत दीड तास आणायचं. रोज तीन तास! ते तास कुठून आणणार आहेस? झोपेतून आणि आजीतून, दुसरं काही नाही.

मिस्टरांना कसं समजावू, असं विचारलंस. काही समजावू नकोस. आणि त्यांचं बरोबर होतं असंही माझ्याकडून त्यांना कळवू नकोस, कारण ते मला मुळीच मान्य नाही. "मी मराठीतून शिकलो, माझं काय अडलं" हे बोलणं सोपं आहे. आई त्यांची आहे. रोज रात्री घरी येऊन गप्प बसलेली आई ते बघतात आणि शाळेच्या माध्यमावर बायकोशी वाद घालतात. आईशेजारी बसून "आय, आज पोरीने काय केलं?" एवढं विचारलं असतं तरी घरातली शांतता त्यांच्या लक्षात आली असती. त्यांना मराठी शाळा वाचवायची आहे आणि स्वतःच्या आईचा आवाज हरवलेला ऐकू येत नाही. हा परिच्छेद त्यांना वाचायला दे.

तू रोज रात्री प्रश्नोत्तरं घेतेस. त्यात "हू ऑल आर देअर इन युअर फॅमिली?" हा प्रश्न असणारच, सगळीकडे विचारतात. तू लेकीला त्याचं उत्तर काय शिकवलंयस? त्यात आजी आहे का? मला उत्तर कळवू नकोस. आज रात्री लेकीला विचार आणि ती काय म्हणते ते नीट ऐक.

लेक गावच्या चर्चच्या शाळेत जाईल. मराठीच्या अभिमानापोटी मी हे सांगत नाही. तुझ्या दारात इंग्रजी माध्यमाची कॅथलिक शाळा असती आणि आजी तिथून पोरीला चालत घरी आणू शकली असती, तर मी म्हटलं असतं तिथे घाल. माझ्यासाठी शाळेची कसोटी एकच आहे: सुटल्यावर फाटकाशी आजी उभी राहू शकते का, आणि बाईंना "आज पोर रडली का?" असं तिच्या भाषेत विचारू शकते का. गावच्या शाळेत ते जमतं. पहिलीपासून गणित तिथे इंग्रजीत होईल, पुढे विज्ञानही. रात्रीचे तुझे दोन तास आहेतच, त्यात तिला इंग्रजी गोष्टीची पुस्तकं वाचून दाखव, प्रश्नोत्तरं बंद कर. तुझ्या इंग्रजीचं म्हणशील तर ते वेगळं दुखणं आहे आणि त्यावर इलाज आहे. वर्ग लाव, महिना-दोन महिन्यांत एकदा मीटिंगमध्ये मुद्दाम दोन वाक्यं बोल. ते तुझं तू कर. साडेतीन वर्षांच्या मुलीकडून करवून घेऊ नकोस.

हे पत्र वाचून झालं की उठ आणि सासूबाईंच्या खोलीत जा. माफी कशी मागायची याची तयारी करू नकोस, तुझ्याने ते होणार नाही. लेकीला त्यांच्या मांडीवर बसव आणि म्हण, "आय, आज रोझरी तुम्ही सांगा, ही तुमच्या मागून म्हणेल." त्या आधी तुझ्याकडे बघतील. तू खाली बस आणि माळ हातात घे.

१८ तारखेची रजा तू घेतलीच असशील. ती रद्द करू नकोस. त्या दिवशी सासूबाईंना आणि लेकीला घेऊन गावच्या शाळेत जा. वाटेत तिघी चालत जा, रिक्षा करू नकोस, आणि बोलायचं काम आजीवर सोड. बाप्तिस्म्याचा दाखला तिथेही चालेल. फॉर्मवर मुलीला न्यायला कोण येणार असा एक रकाना असतो. तिथे सासूबाईंचं नाव लिही, पूर्ण नाव, आणि सही त्यांनाच करू दे.

माई