एकच कांदा, तीन मथळे

प्रश्न : आमच्या शाळेत तीन वर्तमानपत्रे येतात. परवा एकाच दिवशी एकाने ‘कांदा महागला’ असे छापले, शेतीविषयक दैनिकाने ‘कांद्याला उठाव, दरात सुधारणा’ आणि सायंदैनिकाने ‘कांद्याने रडवले!’. मुले विचारतात, यातली बरोबर भाषा कोणती?
— एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : बाई, नाशिकला एका दैनिकात मी बावीस वर्षे उपसंपादक होते. त्यातली बरीचशी बाजारभावाच्या पानावर गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा.

व्याकरणाने तिन्ही मथळे बरोबर आहेत. शहरातले दैनिक गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे बघून लिहिते, म्हणून तिथे कांदा महागतो आणि भाव किलोत येतो. शेतीचे पान लासलगावच्या लिलावात उभे असते. तिथला हिशेब क्विंटलचा. आवक किती, भाव किमान किती, कमाल किती, सरासरी किती, हे सगळे शेतकऱ्याला हवे असते, कारण कमाल भाव एखाद्याच ट्रॉलीला मिळतो. ‘उठाव’, ‘आवक रोडावली’, ‘दर नरमले’ हे शब्द आडत्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडचेच आहेत. सायंदैनिकाला घरी निघालेल्या माणसाला स्टॉलपाशी थांबवायचे असते, म्हणून ठसठशीत टाइप आणि उद्गारचिन्ह.

एकदा ग्रामीण आवृत्तीच्या पानावर मी ‘कांद्याचे भाव भडकले’ असा मथळा दिला. दुसऱ्या दिवशी निफाडकडचे एक शेतकरी अंक घेऊन कार्यालयात आले. मथळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “ताई, भडकले म्हंजे? दोन सालांनी चार पैसे पदरात पडले, तर तुम्हाला आग लागल्यासारखं वाटलं?” मला उत्तर देता आले नाही. तो शब्द शहर आवृत्तीतून जसाच्या तसा आला होता आणि मी तो वाचून पुढे पाठवला होता. त्या दिवसापासून ‘महाग’ लिहिताना मी ‘कोणाला?’ हे आधी विचारू लागले.

मुलांना आणखी एक सांगा. गंभीर वर्तमानपत्राची भाषा जडच असते, हा समज खरा नाही. ‘केसरी’ने १८९७ साली अग्रलेखाला मथळा दिला होता, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ यातला एकही शब्द मुलांना कोशात शोधावा लागणार नाही. पुढे १९३२ साली नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ काढला, तोही साध्या भाषेत आणि गावातल्या बातम्यांना जागा देत. मला खटकतात त्या आजच्या पुरवण्या. ‘फेस्टिव्ह लूकसाठी परफेक्ट ज्वेलरी’ हे वाक्य मराठीत लिहिणे अवघड होते असे नाही, कोणी तसदी घेतली नाही.

वर्गात एक करून बघा. बाजार समितीचा एका दिवसाचा भाव फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला दोन मथळे करायला सांगा : एक कांदा विकणाऱ्यासाठी, एक विकत घेणाऱ्यासाठी. तुमच्या सिन्नरला बाप कांदा पिकवतो आणि मुंबईला राहणारी आत्या तो विकत घेते, अशी घरे पुष्कळ असतील. मुलांनी काय लिहिले ते मला जरूर कळवा.