बिल्ले, मेडलं, रामटंके: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी प्रश्न ढिगाने आलेत आणि निम्म्यांचा शेवट एकच, "याचे किती येतील?" ते नंतर बघू. पण एक सांगतो, पुढून फोटो, मागून फोटो सगळे पाठवतात, कडेचा फोटो कुणीच पाठवत नाही आणि मला सगळ्यात आधी कडच बघायची असते. खाली वाचा, का ते कळेल.

सांगली: "ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं नाणं आहे, एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला 'वन आना'. एकजण म्हणतो हे तांदूळ ओढतं, परदेशात कोटींना जातं, फक्त टेस्टिंगचे पैसे आधी भरा. भरू का?"

एक रुपया भरू नका. आणि त्या माणसाचे मेसेज डिलीट न करता जपून ठेवा, पोलिसांकडे जायची वेळ आली तर लागतील. चुंबकासारखे तांदूळ ओढणारं नाणं, 'राईस पुलर', ही जुनी फसवणूक आहे, यात माणसं अक्षरशः घरदार विकून बसलीत.

आता नाण्याबद्दल. कंपनीने हनुमान, रामदरबार, गणपती, ॐ असलेलं एकही नाणं कधी काढलेलं नाही. 1818 साली मुंबई, मद्रास, बंगाल असे तिन्ही इलाखे आपापली वेगळी नाणी पाडायचे, आपल्या मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या पैशावर तराजू असायचा, आणि सगळ्यांसाठी एकसारखी नाणी आली ती 1835 मधे. तुमच्याकडचा प्रकार खूप नंतर, यात्रेत आणि पूजेच्या दुकानात विकायला बनवलेला. दहा पट मोठं दाखवणारी लेन्स घ्या आणि हनुमानाच्या गदेच्या आसपास बघा, बारीक खड्डे दिसतील, अक्षरांच्या कडा वापरून झिजलेल्या साबणासारख्या गोल असतील, आणि कडेवर कानशीने घासल्याच्या तिरक्या रेघा असतील. म्हणजे ओतीव काम. टाकसाळीत ठोकलेल्या नाण्याचं अक्षर कसं धारदार उठतं, खिशातलं कुठलंही नाणं शेजारी ठेवलंत तर लगेच फरक कळेल.

पण म्हणून देवघरातले सगळेच रामटंके, म्हणजे पूजेत ठेवतात ते रामाचे नाण्यासारखे टंके, कचरा असं समजू नका हां. ज्याच्या एका बाजूला सिंहासनावर राम-सीता आणि दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण उभे, भोवती 'राम लछमन जानक' असा अशुद्ध नागरी मजकूर, त्या चांदीच्या टंक्यांमधे खरंच जुने तुकडे सापडतात. फक्त त्यावर संवत 1740 लिहिलंय म्हणून तो 1683 चा ठरत नाही, तो आकडा नुसता शोभेचा आहे. पूजेत वर्षानुवर्षं हळदकुंकू लागून, हात फिरून झिजलेला टंका मला स्वतःला फार आवडतो, भाव काही का असेना.

सातारा: "पणजोबांची दोन मेडलं आहेत. एक चांदीचं, पुढे राजा, मागे घोड्यावर नागडा माणूस. दुसरं तांबूस, पंख असलेली बाई. कडेवर नंबर, 'सिपॉय', त्यांचं नाव आणि '117 मराठाज' आहे. घरात सगळे म्हणतात ते कूतच्या वेढ्यात होते. खरं असेल का? आणि विकलं तर?"

या महिन्यातला हा सगळ्यात भारी प्रश्न. आणि बघा, सगळी माहिती कडेवरच आहे!

चांदीचं आहे ते ब्रिटिश वॉर मेडल, 1914-18 चं. तो घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज, घोड्याच्या टापांखाली शत्रूची गरुडवाली ढाल आहे, नीट बघा. दुसरं व्हिक्टरी मेडल, ब्राँझचं. ही दोन्ही लाखांनी निघाली, नुसती चांदीचीच 60 लाखांहून जास्त, त्यामुळे मेडल म्हणून ते दुर्मिळ नाही, दुर्मिळ आहे ते कडेवरचं नाव.

आता कूतचं. 117 मराठाज, 103 आणि 110 मराठा लाइट इन्फंट्री या तिन्ही पलटणी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या डिव्हिजनमधे होत्या, 7 डिसेंबर 1915 ला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे, कूत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला, 29 एप्रिल 1916 ला शरणागती, मधल्या काळात घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली. म्हणजे घरातली गोष्ट पलटणीशी जुळते. पण एक अडचण आहे. जो शिपाई 31 डिसेंबर 1915 च्या आत रणभूमीवर पोचला त्याला तिसरं मेडल मिळायचं, 1914-15 स्टार, ब्राँझचा चांदणीसारखा, मधे तलवारी आणि नाव मागच्या बाजूला. वेढा पडला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्यानंतर आत कोण जाणार? म्हणजे पणजोबा खरंच आत अडकलेले असतील तर स्टार मिळालेलाच असणार. तो कुठे गेला? एकतर हरवला, एखाद्या चुलत घरात गेला (वाटण्यांमधे मेडलं अशीच फुटतात, एकाला चांदीचं, दुसऱ्याला उरलेलं), नाहीतर ते 1916 किंवा त्यानंतर गेलेल्या भरतीतले. काकाआजोबांकडे, आत्यांकडे विचारा, ट्रंकेत, देवघरात, शिवणाच्या डब्यात बघा. आणि पुढे शोध घ्यायचा असेल तर 1922 च्या फेररचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या आणि रेजिमेंटचं सेंटर बेळगावला आहे, तिथे नंबर, नाव आणि पलटण लिहून पत्र टाका. नंबर विसरू नका, एकाच नावाचे शिपाई पलटणीत चार-पाच सहज निघतात.

अजून एक तपासा. व्हर्नियरने चांदीच्या मेडलचा व्यास मोजा, 36 मिलिमीटर यायला हवा. बाजारात अशी मेडलं येतात ज्यांची कड घासून जुनं नाव काढलेलं असतं आणि जास्त भाव येणाऱ्या पलटणीचं नवीन नाव कोरलेलं असतं, ती हमखास थोडी लहान भरतात. तुमचं घरातूनच आलेलं आहे त्यामुळे मला तशी शंका नाही.

विकायचं? सराफाकडे तर अजिबात नेऊ नका, तो चांदीच्या वजनाने घेणार. 1980 मधे चांदी आभाळाला भिडली तेव्हा ही मेडलं जगभर अशीच भट्टीत गेली. माझं ऐकाल तर विकूच नका.

भुसावळ: "आजोबांचा पितळी बिल्ला, त्यावर जी.आय.पी. आणि नंबर. किती जुना?"

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे त्याच्या अलीकडचा नाही. याहून नेमकं फक्त बिल्ल्यावरून सांगता येणार नाही, आजोबा नोकरीला कधी लागले ते सांगा. हल्ली नवीन पितळी नकला खूप आल्यात, पण खऱ्या बिल्ल्याची भोकं पट्ट्याने घासून लांबट होतात, तुमच्या फोटोत तशी दिसतायत.

नागपूर: "1911 दिल्ली दरबारचं मेडल जुन्या बाजारातून घेतलं. विकणारा चांदी म्हणाला. आता वाटतंय फसलो."

दरबार, म्हणजे पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त दिल्लीत भरलेला सोहळा, 12 डिसेंबर 1911 चा. सरकारी मेडल 38 मिलिमीटरच्या थोडं वर, पुढे राजा-राणी डावीकडे बघतायत, भोवती फुलांची माळ, मागे सगळा मजकूर फारसीत. चांदीची साधारण 30,000 दिली, सोन्याची 200. रिबन गडद निळी, मधे दोन बारीक लाल रेघा. ही नाव न घालता दिली गेली, त्यामुळे कड कोरी असेल तर घाबरू नका. तुमच्या फोटोत मागे इंग्रजीत 'दिल्ली 1911' आहे, म्हणजे हे सरकारी नाही, त्या वेळी विकायला काढलेलं आठवणीचं मेडल असावं. त्यात वाईट काही नाही, तोही इतिहासच, फक्त भाव वेगळा.

चांदी आहे का ते घरीच बघता येतं, ॲसिड लावू नका. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा घ्या, रिबन काढून मेडलचं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि मेडल दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, बुडबुडे चिकटले तर हलवून सोडवा. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने आधीच्या वजनाला भागा. समजा मेडल 30 ग्रॅम आणि काटा 2.9 दाखवतोय, तर उत्तर 10.3 च्या आसपास, म्हणजे चांगली चांदी. साडेआठ-पावणेनऊ आलं तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदीचा कणही नसतो. सात-साडेसात आलं तर कथिलाचं. शंभर टक्के पुरावा नाही हा, पण विकणाऱ्याशी बोलायला पुरतो.

रत्नागिरी: "आईने सगळे बिल्ले चिंच आणि पितांबरीने लख्ख केले. आता काय करू?"

काही करू नका, आईला ओरडू पण नका. गेलेला रंग परत आणायचे जे उपाय व्हिडिओत दाखवतात, अंडं, गंधक वगैरे, त्याने अजून वाट लागते. चिंचेचा अंश राहिला असेल म्हणून डिस्टिल्ड वॉटरमधे बुडवून ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, टिपून कोरडे करा आणि विसरून जा, हवेने काही वर्षांत आपोआप करडेपणा येतो. मिना असलेले किंवा रिबनचे मात्र पाण्यात घालू नका.

कोकणात खरा त्रास पावसाळ्याचा. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे अल्बम वापरू नका, काही वर्षांनी त्यातून हिरवा चिकट थर सुटतो. रबरबँडने तर चांदी काळी पडते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बास. तांब्यावर फिकट हिरवी पावडर दिसली, टोकरल्यावर भुगा पडतोय आणि पुसल्यावर परत येतेय, तर तो तुकडा लगेच बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, तो रोग आहे.

न्यू जर्सी: "पुण्याला आलोय, आजोबांचं 1937 च्या राज्याभिषेकाचं मेडल आणि पणजोबांचं 1911 चं, दोन्ही सोबत नेऊ का?"

1937 चं नेता येईल. 1911 चं नाही, 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, मग ती घरचीच का असेना आणि कितीही छोटी असेना. आणि 1937 च्या मेडलवर एअरपोर्टवर वाद नको असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचं सर्टिफिकेट आधी काढून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका. 1911 चं पुण्यातल्या भावाकडे ठेवा, आणि हो, जायच्या आधी त्याच्या कडेचा फोटो काढून मला पाठवा.